गोदातीरींचे विहारपक्षी

नाशिकास जाणारा मनुष्य बहुधा रामकुंडावर स्नान करतो, काळारामाचें दर्शन घेतो, सवड असल्यास त्र्यंबकेश्वरास एक फेरी घालतो आणि परतीच्या गाडींत बसतो. एवढें झालें म्हणजे गोदावरी पाहून झाली, असें आपण मानतों. गोदावरीचें म्हणणें मात्र निराळें आहे. ब्रह्मगिरीपासून बंगालच्या उपसागरापर्यंत तिचा प्रवास सुमारें १४६५ किलोमीटरांचा. त्यांत नाशिक म्हणजे केवळ आरंभच होय. पंचवटीचे घाट मागें टाकून ती पूर्वेकडे निघते, निफाड तालुक्याच्या काळ्या जमिनींतून संथपणें वाहूं लागते, आणि शहरापासून सुमारें ४० किलोमीटरांवर नांदूर मध्यमेश्वर येथें कादवा नदी तिला येऊन मिळते. या संगमावर एक जुना दगडी बंधारा आहे, बंधाऱ्यामागें विस्तीर्ण परंतु उथळ जलाशय आहे, आणि त्या जलाशयावर दर हिंवाळ्यांत सहस्रावधि पक्षी उतरतात. घाटावर जें पाणी आपण अर्घ्यासाठीं ओंजळींत घेतों, तेंच पुढें त्यांचें घर होतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस हें स्थळ एका दिवसांत पाहून येण्याजोगें आहे. तरीहि तेथें जाऊन आलेलीं कुटुंबें आम्हांस फारच थोडीं भेटलीं. म्हणून त्याविषयीं कांहींसें सविस्तर लिहिण्याचें योजिलें आहे.

सरकारी कागदोपत्रीं या स्थळास अभयारण्य म्हणतात. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यास अनुसरून महाराष्ट्र सरकारनें १९८६ सालीं येथील सुमारें १०० चौरस किलोमीटरांचा प्रदेश पक्ष्यांकरितां राखून ठेवला. शब्द आधुनिक वाटला तरी त्यामागील कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत अभयवन हा शब्द आलेला आहे. सूनाध्यक्ष, म्हणजे खाटीकखान्यावरील अधिकारी, याचीं कर्तव्यें सांगत असतां ग्रंथकार म्हणतो कीं, अशा वनांत राहणाऱ्या पशुपक्ष्यांस व मत्स्यांस जो बांधील किंवा मारील, त्यास सर्वांत वरच्या पायरीचा दंड करावा. रक्षण करण्यायोग्य पक्ष्यांची यादीहि त्यानें दिली आहे. तींत क्रौंच, हंस आणि चक्रवाक हे पाणपक्षी आहेत; चकोर, कोकिळ, मोर, पोपट आणि मैना हीं मंडळी आहेत; आणि त्यांस विहारपक्षी असें गोड नांव दिलें आहे. विहार शब्दांत रमणें आहे, फिरणें आहे, मोकळेपणा आहे. ज्यांच्या विहारानें आपलाहि विहार व्हावा, ते विहारपक्षी, असा अर्थ आम्ही आमच्यापुरता लावून घेतला आहे. हा ग्रंथ कित्येक शतकें लोकांच्या दृष्टीआड होता. म्हैसूरच्या शामशास्त्री यांनीं तो १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला, व पुढें मुंबई विद्यापीठाकरितां प्रा. र. पं. कंगले यांनीं त्याची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली.

योगायोग असा कीं, ग्रंथ प्रकाशांत येत होता त्याच काळांत, १९०७ सालाच्या सुमारास, नांदूर मध्यमेश्वर येथें बंधाऱ्याचें काम हातीं घेण्यांत आलें होतें. तें काम करणाऱ्यांच्या मनांत मात्र पक्षी मुळींच नव्हते. सह्याद्रीच्या माथ्यावर मेघ रिते होतात आणि पूर्वेकडील पठार तहानलेलें राहतें, ही या प्रांताची सनातन अडचण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत लागोपाठ पडलेले दुष्काळ लोकांच्या स्मरणांत ताजे होते. संगमावर पाणी अडवावें, आणि दोन्ही तीरांनीं कालवे काढून तें खालच्या कोपरगांव-राहात्याकडील शेतांस द्यावें, एवढाच हेतु होता. पुढें १९१६ सालीं दारणा नदीवरील धरण झालें, १९६५ सालीं गंगापूर धरण पुरें झालें, आणि वरून सोडलेलें पाणी बंधाऱ्यापाशीं थोपवून कालव्यांत वळवितां येऊं लागलें. अशा रीतीनें ज्या ऋतूंत आसपासचे ओढेनाले आटून जातात, त्या ऋतूंतहि येथें पाणी राहूं लागलें.

पाण्याबरोबर दुसरीहि एक वस्तु येथें सांचत गेली. ती म्हणजे गाळ. प्रत्येक पावसाळ्यांत वरच्या शेतांतील माती वाहून आली व बंधाऱ्यानें ती अडवून धरली. वर्षामागून वर्षें गेलीं. जलाशयांत लहानमोठीं बेटें निर्माण झालीं, त्यांवर गवत उगवलें, कांठाकांठानें देवनळ, पाणकणीस व लव्हाळा माजला, आणि मधल्या भागांत गुडघाभर पाण्याचे पाट तयार झाले. हिशेबानिशीं पाहूं गेल्यास हें बंधाऱ्याचें नुकसानच. कारण जितका गाळ वाढला तितकी पाण्याची सांठवण घटली. परंतु जें स्थापत्यशास्त्रास नुकसान, तें पक्ष्यांस भांडवल झालें. बहुतेक बदकें खोल पाण्यांत बुडी मारून अन्न मिळवीत नाहींत. तीं डोकें खालीं व शेपूट वर करून तळाचे कंद, बीं आणि किडे वेंचतात. आणि त्यांची मान जेथवर पोंचते तेथवरच त्यांचें भोजनपात्र. बगळ्यांस आणि करकोच्यांस तर उभें राहावयास पायांपुरतेंच पाणी हवें. या सर्वांस हवें तसें ताट कोणी न मांडतां मांडलें गेलें.

या ताटाची कीर्ति आतां देशाबाहेर गेली आहे. इराणांत कॅस्पियन समुद्राच्या कांठीं रामसर नांवाचें गांव आहे. तेथें २ फेब्रुवारी १९७१ रोजीं पाणथळ भूमींच्या रक्षणाचा एक करार अनेक राष्ट्रांनीं केला. भारत त्यांत १९८२ सालीं सामील झाला. त्या कराराच्या यादींत महाराष्ट्रांतील पहिलें स्थान मिळालें तें नांदूर मध्यमेश्वरास, आणि ही गोष्ट २०२० च्या जानेवारींत जाहीर झाली. त्याच वर्षीं लोणारचें सरोवर व पुढें २०२२ सालीं ठाण्याची खाडी यांचाहि त्या यादींत समावेश झाला. नांदूरच्या नोंदींत वनस्पति व प्राणी मिळून ५३६ जाति दिलेल्या आहेत. विख्यात पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनीं या स्थळास महाराष्ट्राचें भरतपूर म्हटल्याचें सांगतात, आणि ज्यानें एकदां येथील पहांट पाहिली त्यास तें खोटें वाटणार नाहीं.

आतां जावें केव्हां आणि कसें, तें सांगतों. पाहुणे पक्षी ऑक्टोबरापासून येऊं लागतात व मार्च संपेपर्यंत बहुतेक निघून जातात; म्हणजे आपल्या पंचांगानें आश्विन ते फाल्गुन हा काळ उत्तम. आगगाडीनें येणाऱ्यांनीं मनमाड-नाशिक मार्गावरील निफाड स्टेशनावर उतरावें. तेथून पुढें सडकेनें जावें लागतें. निफाड हें न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचें जन्मस्थान. १८ जानेवारी १८४२ रोजीं ते येथें जन्मले, हें मुलांस उतरल्याबरोबर सांगण्यास विसरूं नये. दुसरी सांगण्याजोगी गोष्ट थंडीची. महाराष्ट्रांतील सर्वांत कमी तपमान पुष्कळदां निफाडचेंच नोंदलें जातें. त्यामुळें मफलर आणि कानटोप्या बरोबर असाव्यात. पक्षी पाहण्याची मुख्य जागा चापडगांवाकडील कांठावर आहे. तेथें वन खात्यानें निरीक्षणासाठीं मनोरे उभारले आहेत, आणि आसपासच्या गांवांतील तरुण मुलें दुर्बिणी घेऊन मार्गदर्शनास येतात. सूर्योदयापूर्वीं मनोऱ्यावर पोंचणें उत्तम. शिदोरी घरचीच न्यावी. दशम्या, दाण्याची चटणी आणि गुळाची वडी यांहून अधिक कांहीं लागत नाहीं. कपडे मळकट, हिरवट अथवा खाकी रंगाचे असावेत. लाल लुगडें आणि पिवळें जाकीट लग्नसमारंभांत शोभतें, पाणवठ्यावर नव्हे.

गेल्या पौषांत आम्ही, आमच्या सौभाग्यवती व पांचवींत शिकणारी नात असे तिघे तेथें गेलों होतों. प्रथम धुक्यामुळें कांहींच दिसत नव्हतें, फक्त ऐकूं येत होतें: कुजबूज, शीळ, खळखळ, मधूनच एक कर्कश हांक, जशी शाळा भरण्याच्या घंटेपूर्वीं पटांगणांत ऐकूं येते तशी. मग धुकें वर उचललें गेलें, आणि पाण्यावर जे काळे ठिपके आम्ही दगड समजत होतों त्या प्रत्येकास मान फुटली. नातीनें मोजण्यास आरंभ केला व दोनशेंच्या पुढें नाद सोडला. बरोबरचा चापडगांवचा तरुण हंसून म्हणाला, “ताई, आम्ही एकेक मोजत नाही. दहाचा एक घास धरायचा, आणि असे किती घास होतात ते बघायचं.” खानेसुमारीची ही रीत आम्हांस पाठ्यपुस्तकांत घालण्यासारखी वाटली.

त्या तरुणाच्या तोंडीं पक्ष्यांचीं मराठी नांवें होतीं, आणि तीं ऐकून आमच्या मंडळींस माहेरचें माणूस भेटल्यासारखें झालें. चोंचीचें टोंक पिवळें व मुळाशीं दोन तांबडे ठिपके असलेल्या बदकास येथें हळदीकुंकू म्हणतात. काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पाणपक्ष्याचें नांव वारकरी. तो एकटा क्वचितच दिसतो, त्याची दिंडीच असते. चोंच पळीसारखी चपटी, ती पाण्यांत उजवीकडे-डावीकडे फिरवून अन्न गाळणारा तो चमचा. लांबसडक तांबड्या काटक्यांवर उभा असल्यासारखा दिसणारा तो शेकाट्या. थापट्या, तलवार बदक, शराटी, ढोकरी, सुरय, कवड्या खंड्या, हीं सारीं नांवें एखाद्या आळींतील शेजाऱ्यांचीं असावींत अशीं वाटतात. कमळपक्षी पाण्यावरील पानांवरून चालतो. त्याच्या पायांचीं बोटें इतकीं लांब असतात कीं वजन सर्वत्र विभागलें जाऊन पान बुडत नाहीं. या पक्ष्यांत अंडीं उबविणें आणि पिलें सांभाळणें हें काम नराकडे असतें, मादीकडे नाहीं. हें ऐकून सौभाग्यवतींनीं आमच्याकडे जी नजर टाकली, तिचें वर्णन या लेखाच्या मर्यादेंत बसत नाहीं.

संस्कृत साहित्याची गोडी असलेल्यांस येथें आणखी एक लाभ आहे. काव्यांतून जन्मभर वाचलेले पक्षी येथें सदेह भेटतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला करड्या रंगाचा जो पट्टकादंब, तो हंसकुळींतलाच. तिबेट, मंगोलिया व लडाख येथील उंच सरोवरांच्या कांठीं त्याची वीण होते, आणि हिंवाळ्यांत हिमालय ओलांडून तो खालीं येतो. हल्लीं अशा पक्ष्यांच्या पाठीवर लहानशीं यंत्रें बसवून त्यांचा मार्ग तपासण्यांत आला आहे. त्यांत ७,००० मीटरांहूनहि अधिक उंचीवरील उड्डाणें नोंदलीं गेलीं. हंसांचें घर मानससरोवर, ही कवींची उक्ति म्हणजे निव्वळ कल्पना नव्हे, तर पाहिलेल्या गोष्टीची आठवण आहे. मेघदूतांतील हंस मेघाबरोबर, म्हणजे पावसाच्या आरंभीं, उत्तरेस निघतात. आपले हे पाहुणे मात्र चैत्र लागतां लागतांच जातात. एवढा फरक कवीस माफ असावा.

दुसरा चक्रवाक. नारिंगी-तांबूस अंगाचा, फिकट डोक्याचा हा पक्षी येथें जोडीनें दिसतो. त्याच्या भगव्या रंगावरूनच त्यास ब्राह्मणी बदक असेंहि म्हणतात. तेव्हां आमच्या वाचकांनीं त्याच्याशीं थोडी सलगी दाखविण्यास हरकत नाहीं. रात्र पडली कीं चक्रवाकाचें जोडपें एकमेकांपासून ताटातूट पावतें आणि नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांस हांका मारीत राहतें, हा कविसंकेत आपण सर्वांनीं पाठ केलेला आहे. त्याचा आधार काय असावा, तें या कांठावर बसल्यावर ध्यानांत येतें. हे पक्षी रात्रींहि चरतात, चरतां चरतां पांगतात, आणि त्यांची हांक करुण व दूरवर जाणारी असते. अंधारांत एक हांक या तीरावरून येते व तिचें उत्तर त्या तीरावरून. ज्यानें प्रथम ती ऐकली त्यानें विरह कल्पिला, यांत नवल नाहीं. संध्याकाळीं आम्हीं ती हांक ऐकली, तेव्हां इतकी वर्षें वर्गांत ज्या श्लोकांचा अन्वय लावून दाखविला, त्यांचा अर्थ त्या क्षणीं कानांनीं कळला.

या पक्ष्यांस आपण पाहुणे म्हणतों. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची व्युत्पत्ति सांगतात. त्या अर्थानें हे अतिथि नव्हेत. त्यांची तिथि पक्की ठरलेली आहे, आणि ते ती आपल्यापेक्षां अधिक कसोशीनें पाळतात. प्रश्न आहे तो यजमानाचा. यजमानाच्या घरीं काय चाललें आहे, तेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

बंधाऱ्याजवळ एक वृद्ध शेतकरी भेटले. त्यांचा हरभरा कांठालाच होता. हंस आणि करकोचे पिकांत उतरतात काय, असें विचारतां ते म्हणाले, “उतरतात की, गुरुजी. रातीतून वाफा साफ करतात. पन दगड मारावा असं मनात येत नाही; लई लांबून आल्यात.” मग थोडा वेळ थांबून त्यांनीं पाण्याकडे बोट दाखविलें. “माझा आजा सांगायचा, हितं दोन पुरुस पानी व्हतं. आता बगळा हुभा ऱ्हातो. गाळ काढा म्हनलं तर पाखरांचं काय, म्हनत्यात. ऱ्हाऊ द्या म्हनलं तर पावसाळ्यात पानी गावात येतं. पाखरं बी जगावी, आन् आमी बी.”

या चार वाक्यांत त्या स्थळाचा सारा पेंच आला. २०१६ व २०१९ सालच्या पावसाळ्यांत वरच्या अंगाच्या सायखेडें, चांदोरी या गांवांत गोदावरीचें पाणी शिरलें होतें. ज्याच्या घरांतील धान्य भिजतें आणि ज्याचें जनावर दावणीस बुडतें, त्यास चक्रवाकाचें सौंदर्य सांगणें हा शहरी मनुष्याचा उद्धटपणा होईल. उलट सर्व गाळ उपसून जलाशय एकसारखा खोल केला, तर जीं बेटें व जे उथळ पाट पक्ष्यांचें अन्न आहेत ते नाहींसे होतील, आणि पाहुण्यांस पुढच्या वर्षीं ताटच राहणार नाहीं. आमच्या अल्प मतीस असें वाटतें कीं, दोन्ही गोष्टी एकाच मापानें मोजूं नयेत. नदीचा मुख्य प्रवाह ज्या वाटेनें जातो ती वाट मोकळी करणें निराळें, आणि कांठची दलदल व बेटें खरवडून काढणें निराळें. कोठें खणावें, कोठें हात लावूं नये, आणि कोणत्या ऋतूंत काम करावें, हें स्थापत्यशास्त्रज्ञ, पक्षितज्ज्ञ व कांठचा शेतकरी अशा तिघांनीं एका चटईवर बसून ठरवावें. पिकाची भरपाईहि वेळच्या वेळीं, हेलपाटे न घालावयास लावतां, मिळाली पाहिजे. शेतकऱ्याच्या मनांतील करुणा हें अभयारण्याचें खरें कुंपण आहे. तें तुटूं देण्यांत शहाणपण नाहीं.

दुसरें दुखणें जलपर्णीचें. ही वनस्पति मूळची दक्षिण अमेरिकेंतली. तिचीं जांभळीं फुलें पाहून लोभ सुटावा अशी. परंतु एकदां पसरली म्हणजे पाण्यावर ती जाड गालिचाच अंथरते. खालीं प्रकाश पोंचत नाहीं, पाण्यांतील प्राणवायु घटतो, मासे गुदमरतात आणि बदकांस उतरण्यास जागा राहत नाहीं. पुरांत तिचे ढीगच्या ढीग वाहत येऊन पुलांच्या कमानींत अडकतात व पाण्यास तुंब घालतात. कांठचे लोक व वन खातें ती काढतात. पण ती पुन्हां येते. कारण तिचें खाद्य वरून अखंड येत असतें. वाढत्या शहराचें सांडपाणी जेव्हां पुरेसें शुद्ध न होतां नदींत मिसळतें, तेव्हां त्यांतील क्षारांवर ही वनस्पति पोसली जाते. म्हणजे तिचें बीं जरी परदेशचें असलें तरी तिचें खत आपल्या घरचें आहे.

ही गोष्ट आम्हांस पुस्तकावरून कळली होती. तेथें ती डोळ्यांनीं दिसली. बंधाऱ्याच्या भिंतीशीं जलपर्णीचा एक पुंजका अडकला होता, आणि त्यांत प्लॅस्टिकची एक पिशवी होती. पिशवींत झेंडूचीं फुलें, बेलाचीं पानें, दूर्वा, आणि अर्धवट जळालेल्या वाती. शेजारींच एक जांभळी पाणकोंबडी चिखलांत कोंब उकरीत होती. तिनें त्या पिशवीस दोनदां टोंच मारून पाहिली आणि सोडून दिली. सौभाग्यवती बराच वेळ त्या पिशवीकडे पाहत होत्या. मग एवढेंच म्हणाल्या, “हें कोणाच्या तरी देवघरांतून आलें आहे हो.”

त्या वाक्यापुढें आम्हीं कारखान्यांस किंवा नगरपालिकांस उद्देशून मनांत जुळविलेलें भाषण विरून गेलें. त्यांचा दोष आहेच, आणि तो त्यांस कायद्यानें दाखविला पाहिजे. परंतु ती पिशवी कोणा कारखान्यानें टाकलेली नव्हती. सकाळीं स्नान करून, सोंवळें नेसून, यथासांग पूजा केलेल्या आपल्यासारख्याच कोणा गृहस्थाच्या घरून ती निघाली होती. निर्माल्य पायदळीं येऊं नये म्हणून तें वाहत्या पाण्यांत सोडण्याची रूढि पडली, ती फुलें फुलांसारखींच जात होतीं त्या काळीं. पिशवीसकट सोडलेलें निर्माल्य वाहत नाहीं, कुजत नाहीं, आणि कोणास पावतहि नाहीं. तुळशीच्या बुंध्याशीं अथवा अंगणांतील खड्ड्यांत तें पुरल्यास महिन्या-दोन महिन्यांत त्याची माती होते, आणि तीच माती पुन्हां झेंडूस घालतां येते. ज्यांस अंगण नाहीं त्यांनीं एक मातीची कुंडी ठेवावी. आमच्या घरीं तिसऱ्या मजल्यावर ती पुरते. २०१५ सालच्या सिंहस्थानंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा. लक्षावधि लोक ज्या पाण्यांत पापक्षालनासाठीं उतरतात, तें पाणी पापाबरोबर आणखी काय घेऊन खालीं जातें, याचा विचार करण्यास याहून योग्य पर्व कोणतें?

पर्यटकांनीं पाळावयाचे नियम थोडे आहेत आणि ते आपल्या जुन्या संस्कारांत बसणारे आहेत. देवळांत जसें हळू बोलतों तसें मनोऱ्यावर बोलावें. पक्ष्यांस खाऊ घालूं नये. पोळी व चिवडा हें त्यांचें अन्न नव्हे. त्यांना उडवून छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा. निजलेल्या पाहुण्यास उठवून त्याचें चित्र काढणें सभ्यपणाचें नाहीं. शिवाय उडण्यांत त्यांची जी शक्ति खर्च होते ती त्यांनीं परतीच्या प्रवासाकरितां सांठविलेली असते. दिवेलागणीनंतर उसाच्या कडेनें मुलांस हुंदडूं देऊं नये. या भागांत बिबट्याचा वावर आहे. नेलेली प्रत्येक वस्तु परत आणावी. आणि वाटाड्या तरुणास त्याचा मेहनताना घासाघीस न करतां द्यावा. कारण त्या पैशांमुळेंच उद्यां त्याच्या गांवास बदक रांधण्यापेक्षां दाखविणें अधिक किफायतीचें वाटेल.

अखेर एक विनंती शिक्षक म्हणून करतों. अरण्यांत जन्म घालविलेले मारुति चितमपल्ली २०२५ सालच्या जूनमध्यें निवर्तले. वन खात्याची नोकरी करीत असतां आदिवासी, पारधी आणि कोळी यांच्या तोंडून त्यांनीं पक्ष्यांचीं नांवें गोळा केलीं, संस्कृत ग्रंथांशीं तीं ताडून पाहिलीं, आणि पक्षिकोश मराठी वाचकांच्या हातीं दिला. असा कोश घरांत असावा, आणि निघण्यापूर्वीं मुलांकडून त्यांतील दहा नांवें तरी तोंडपाठ करून घ्यावीं. ज्याचें नांव ठाऊक नाहीं त्याचें जाणें कोणास जाणवत नाहीं. आमच्या नातीनें त्या दिवशीं सत्तावीस नांवें वहींत उतरविलीं. आमच्या डोळ्यांत मोतीबिंदु उतरत असल्यानें दूरच्या बेटावरील कित्येक पक्षी आम्हांस केवळ हालचालीवरून कळत होते; ती जवळ बसून रंग सांगे आणि आम्ही नांव सांगत असूं. असा सहाध्याय शाळेच्या चार भिंतींत आम्हांस क्वचितच साधला.

कौटिल्यानें विहारपक्ष्यांस मारणाऱ्याकरितां दंड सांगितला, आणि आजचा कायदाहि तो सांगतो. बंदूक घेऊन येणाऱ्यास रक्षक अडवूं शकतो. परंतु वरच्या गांवांतील देवघरांतून, मोरींतून आणि गटारांतून जें नकळत खालीं येतें, त्यास अडविणारा रक्षक सरकारास नेमतां येणार नाहीं. तें काम ज्याच्या त्याच्या उंबरठ्यावरच व्हावयाचें आहे. पुढील आश्विनांत पहिले थवे उतरूं लागतील तेव्हां वाचकांनीं मुलांनातवंडांस घेऊन एकदां नांदुरास अवश्य जावें, पाहुण्यांचें दर्शन घ्यावें, आणि परत येतांना तें पाणी आपल्या घरापासून तेथवर कोणत्या वाटेनें जातें याचा हिशेब मुलांसमवेत करावा. गणित सोपें आहे. उत्तर काढण्याची तयारी मात्र पाहिजे.